इस्पितळातलं गाऱ्हाणं

शेवंतीच्या तोंडाला अख्खा मासळीबाजार टरकून असे. सुरमईला पाडून भाव मागणारं गिऱ्हाईक तिच्यासमोरून एकदा गेलं, की पुन्हा त्या रांगेत फिरकायची त्याची छाती होत नसे. पण शिमग्यातल्या पालखीच्या त्या सकाळी तीच शेवंती बंदरावरच्या सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात पदर तोंडात कोंबून गप्प बसली होती. का, तर शेजारी बाकावर बसलेल्या नवऱ्याने, शिवाने, तिचा हात धरून बजावलं होतं, "गप ऱ्हव गो. मानकरी आसत थंय. आपलो नंबर येयत तेवा येयत."

मानकरी म्हणे! जळ्ळा मेला तो मान. सकाळपासून त्या एका शब्दाने माणसांची अक्कल गहाण टाकायला लावली होती.

झालं होतं ते असं. खाडीपलीकडच्या त्यांच्या गावात देवाच्या पालखीला पहिला हात कोणी लावायचा, यावरून दोन घरांत आज्यापणज्यापासूनचं वाकडं. थोरल्या घरचे दाजी गावकर म्हणत, पहिला हात आमचा. धाकट्या घरचे भाई गावकर म्हणत, होता, पण तुमच्या आज्याने तो सोडला. दरसाल बाचाबाची व्हायची, कोणीतरी म्हातारा मध्ये पडायचा, आणि पालखी उठायची. यंदा मध्ये पडणारा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. शब्दाने शब्द वाढला, दांडे निघाले, आणि देवाच्या अंगणात अशी हाणामारी जुंपली की बायका पोरांना कडेवर घेऊन पळत सुटल्या. दाजींचं कपाळ फुटलं. भाईंच्या टाळक्याला खोक पडली. दोन्हीकडच्या आणखी काही जणांची हाडं शेकून निघाली. शिमग्याचं सोंग नको न् काही नको, ही माणसं मुळातच सोंगं.

आणि शिवा? त्याचा थोरल्या घराशी संबंध नाही आणि धाकट्याशीही नाही. पालखीच्या पुढे देवाचं निशाण धरून चालायचं, ही त्याच्या घराची चाकरी, बापामागून त्याच्याकडे आलेली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्या डाव्या कुशीत दांड्याचं टोक बसलं. दांडा कोणाचा होता, ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. शिवा कोलमडला, धडपडत उठला, त्याने आधी निशाण उचललं, त्याची माती झटकली, ते देवळाच्या भिंतीला नीट टेकवलं, आणि मगच कूस धरून खाली बसला. रक्ताचा एक थेंब नाही. साधं खरचटलेलंसुद्धा नाही.

"काय झाला रे? खंय लागला?" शेवंती धावत आली.

"काय नाय गो. जरा दम कोंडलो."

पण त्याचा दम काही सुटेना. उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा शेवंतीने ठरवलं, बाकीचे जातायत इस्पितळात, तर यालाही न्यायचा. तो नको नको म्हणत असताना तिने त्याला दंडाला धरून खाडीवर आणला.

खाडीवर होडी एकच. तिच्यात पहिला पाय कोणाचा, यावरून दोन्ही घरं काठावर पुन्हा भांडली. कपाळावरून रक्त गळतंय, अंगातले सदरे भिजलेत, आणि पंचाईत कसली, तर आधी कोण चढणार! सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो हा असा. शेवटी होडीवाल्या बाळाने वैतागून एकाला पुढून नाळीकडून आणि एकाला मागून वऱ्याकडून एकदमच चढवलं. होडीत मधोमध जागा रिकामी होती. दोन माणसं सहज बसली असती. पण शिवा पाण्याच्या काठाशी थांबला तो थांबलाच.

"मानकऱ्यांच्या मांडयेक मांडी लावून बसू मी? दुसऱ्या खेपेक जावया."

"मेल्या, तोंड बघ तुझा! पेजेच्या निवळीसारखा झाला हा."

तो नुसता हसला. माणूस वाईट नव्हता हो. हिवतापाने दरसाल पिळून काढलेला, बारीक चणीचा, कोणाला दुखवायचं नाही हा एवढाच धर्म पाळणारा. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? शेवंतीला मात्र राग आला. होडी जाऊन परत येईपर्यंत ती काठावर येरझारा घालत राहिली, मानकऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शिवा वाळूत बसून खांदा चोळत होता. कुशीत लागलेलं, आणि हा खांदा चोळतोय! तेव्हाच तिला ते विचित्र वाटलं होतं.

इस्पितळात येऊन बघतात तर अर्धा गाव वरच्या अंगाने पायी खाडी ओलांडून त्यांच्या आधी हजर. आमच्याकडची ही एक रीतच आहे. माणूस आजारी पडला की एकट्याने इस्पितळात जात नाही, वाडी जाते. दारात, खिडकीत, पायऱ्यांवर नुसती माणसंच माणसं. डॉक्टर एकच. घाटावरून बदली होऊन आलेला तरुण मुलगा. पंचक्रोशीतला विंचू, अडलेली बाळंतीण, माडावरून पडलेला, हातात गळ रुतलेला, सगळं त्याच्याच गळ्यात. तो आतल्या खोलीत सुईदोरा घेऊन उभा होता आणि तिथूनच ओरडत होता, "ज्याला जास्त लागलंय त्याला आधी पाठवा! बाकीचे बाहेर व्हा!"

दारावर होता कंपाउंडर हरिश्चंद्र. तो इथलाच. कोणत्या गावात कोणाला आधी विडा द्यायचा, कोणाच्या पानावर आधी वाढायचं, सगळं त्याला तोंडपाठ. डॉक्टरचं बोलणं त्याने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. त्याने तिथल्या तिथे गावकीच भरवली. उगाच तंटा नको, मानाप्रमाणे घेतलं की सगळे गप्प बसतील, असा त्याचा हिशेब. त्याने दाजींना हाक मारली.

झालं! भाई दोन्ही हात चौकटीला लावून दारातच उभे राहिले. डोक्यावर बांधलेला पंचा लाल झालेला, पण आवाज खणखणीत.

"दाजीक पयलो टाको पडाचो नाय! उद्या गावात सांगत फिरतले, सरकारी डाक्टरान पण पयलो मान थोरल्या घराकच दिलो!"

"मग काय तुका देवचो?" दाजी मागून गरजले. "सरकार झाला तरी तेका थोरला-धाकटा कळता!"

ऐकलंत? टाक्याचा मान! डोक्याची कवटी उघडी पडली तरी चालेल, पण सुई आधी आपल्याला टोचली पाहिजे. दोन्हीकडचे लोक दाराशी सरसावले. डॉक्टर आतून ओरडून घसा कोरडा करत होता, पण त्याला बाहेर यायला वाट नव्हती आणि आत जायला कोणाला वाट नव्हती. शेवटी हरिश्चंद्राने तोड काढली. दोन स्टुलं शेजारी शेजारी मांडायची आणि डॉक्टरने एक टाका दाजींना, एक टाका भाईंना, असं आलटून पालटून शिवायचं. पहिला टाका पडताना बघणाऱ्या सगळ्यांनी डोळे मिटायचे. ही तोड दोन्ही घरांना पटेपर्यंत शिवा बाकावर बसून होता.

त्याला घाम फुटला होता. सावलीत, वारा सुटलेला असताना, गार घाम. "पाणी व्हया," म्हणाला. शेवंतीने मडक्यातलं आणून दिलं. प्यायला, पुन्हा म्हणाला, "पाणी व्हया." मग जांभया द्यायला लागला. एकामागून एक जांभया, जसा काही रात्रभर जागला होता. शेवंती उठली आणि माणसांना कोपरांनी ढोसत हरिश्चंद्रापर्यंत पोचली.

"हरिश्चंद्रानु, माझ्या घोवाक बगा. तेची तऱ्हा बरी नाय."

हरिश्चंद्राने मान लांब करून बाकाकडे पाहिलं. "रक्त खंय आसा?"

"रक्त नाय."

"मोडला काय?"

"तसा काय दिसणा नाय, पण..."

"चलत इलो मा तो? मग बस जावन. हंय फुटलेली टाळकी आसत ती दिसणत नाय तुका?"

शेवंतीच्या तोंडावर आलं होतं, शिरा पडो तुझ्या तोंडार. तिने ते गिळलं. उद्या याच माणसाच्या हातून औषध घ्यायचं आहे, हा विचार गरिबाला रागातही सुटत नाही. ती परत आली आणि शिवाच्या काखेत हात घालून त्याला उठवायला लागली.

"चल. आपणच आत जावया. बघू कोण अडयता ता."

"नको." त्याने बाक घट्ट धरला. तेवढा जोर कुठून आला, देव जाणे. "दाजी-भाईंच्या आदी माका टेबलार घेतल्यानी तर गावात रवाक मेळात आमका? निशाण काढून घेतीत. बापाशीन धरलला निशाण."

"तुझ्या निशाणाक फटकी येवो! तू मरतलंस हंय, आणि निशाण धरून कोण नाचतलो?"

"असा बोला नये गो. देवाचा आसा ता."

काय करावं अशा माणसाचं? तिला वाटलं, याच्या दोन मुस्काटात द्याव्या. तिला वाटलं, याला पोटाशी धरून रडावं. दोन्ही एकदमच वाटलं. नाडीबिडी तिला कळत नव्हती, डॉक्टरकीतलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. पण इतकी वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस आपल्या हातातून सुटत चालला आहे, एवढं तिला समजत होतं. आतून डॉक्टरचा आवाज येत होता, "हलू नका. मान सरळ ठेवा." आणि भाई टाके मोजत होते! दाजींना एक टाका जास्त पडू नये म्हणून मोठ्याने मोजत होते.

मग शिवा म्हणाला, "निशाण भिजतला. भायर कित्याक ठेवलंस?"

शेवंतीने आभाळाकडे बघितलं. फाल्गुनातलं निरभ्र, रखरखीत ऊन. तिने त्याचा हात हातात घेतला, तो माशासारखा थंड लागला.

ती उठली. पदर कमरेला खोचला. दाराशी तीसचाळीस माणसं, एकमेकांच्या अंगावर ओरडणारी. त्यात बाईमाणसाचं कोण ऐकणार? तिने ओरडायचा प्रयत्नच केला नाही. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि बाजारात जो आवाज पार धक्क्यापर्यंत जायचा त्या आवाजात सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

गाऱ्हाणं! गावात कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही, आणि ते घालायचा मान गावकऱ्याचा. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, ऐकायची कल्पनाही नव्हती. पण तो सूर जन्मापासून कानात बसलेला. डोक्याला कळायच्या आत व्हरांड्यातल्या सगळ्यांचे हात जुळले आणि तोंडं आपोआप उघडली.

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या पालखयेच्या दिसाक तुझी लेकरा एकामेकाची टाळकी फोडून ह्या इस्पितळात इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"थोरल्या घराक पयलो टाको व्हयो, आणि धाकट्या घराक पण पयलोच टाको व्हयो!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला आवाज जरा चाचरला. पण आतून, स्टुलावर बसलेल्या दाजींचा आवाज त्यात स्पष्ट ऐकू आला.

"आणि तुझ्या म्होरे निशाण घेवन चलणारो हो शिवा, कोणाच्या अध्यात नाय, कोणाच्या मध्यात नाय, तो हंय बाकार थंड पडत चललो हा, तो ह्या एवढ्या माणसांतल्या एकाक पण दिसणा नाय!"

आता माना वळल्या. सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. शिवाची मान भिंतीला टेकून एका बाजूला कलली होती.

"व्हय म्हाराजा," होडीवाला बाळा एकटाच म्हणाला.

"तर बा म्हाराजा, ह्येंच्या डोळ्यांवयली मानाची झापडा काढ! ह्येंका दारातसून बाजूक कर! आणि त्या डाक्टराक भायर हाड!"

गाऱ्हाणं पुरं झालं की "व्हय" म्हटल्याशिवाय सुटका नसते, आणि एकदा "व्हय" म्हटलं की माघार नसते. "व्हय म्हाराजा" झालं, पुटपुटत का होईना, आणि माणसं दारातून बाजूला सरकली. डॉक्टर हातात सुई तशीच धरून बाहेर आला. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

"काय चाललंय हे? इस्पितळ आहे की देऊळ?"

शेवंतीने बोट दाखवलं. त्याने बघितलं. तो धावत येऊन शिवापुढे गुडघ्यांवर बसला. मनगट धरलं. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, आत पांढरंफटक. पोटाला हात लावला, तसा शिवा कण्हला.

"कुठे लागलं होतं याला?"

"डाव्या कुशीत. दांडो. पण चोळत होतो खांदो."

"हिवताप यायचा?"

"दरसाल."

"पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली," डॉक्टर हरिश्चंद्राकडे वळून म्हणाला. "हिवतापाने फुगलेली पानथरी, नुसत्या धक्क्याने फुटते. पोटात रक्त साठलंय, म्हणून खांदा दुखत होता. कधीपासून बसलाय हा इथे?"

हरिश्चंद्र चाचरत म्हणाला, "साहेब, त्याला जखमच नव्हती हो..."

"जो ओरडतो ना, त्याच्या अंगात ओरडण्याएवढा तरी जीव असतो! जो गप्प बसलाय त्याच्याकडे आधी बघायचं असतं! मी काय सांगितलं होतं तुम्हाला? आणि तुम्ही सगळे," त्याने व्हरांड्यावरून हात फिरवला, "चार हात एवढी वाट नाही दिलीत मला! उचला याला. पोट उघडावं लागेल. रक्त लागेल. कोण देणार रक्त?"

आणि काय सांगू, ज्यांनी सकाळी देवाच्या अंगणात रक्ताचा सडा घातला होता, त्या सगळ्यांनी पायांचे अंगठे बघायला सुरुवात केली. कोणाला कसर होती, कोणाला उपास होता. शेवंतीने दंड पुढे केला. तिच्या मागे बाळा येऊन उभा राहिला. डॉक्टरने दोघांचं रक्त तपासायला घेतलं, शिवाला आत नेलं, सलाइन लावलं, आणि दार बंद झालं.

शेवंती दाराशी उभी राहिली. तिला कोणी बस म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर ती बसली नसती. दाजी बाहेर बाकावर येऊन बसले होते. डॉक्टर मध्येच उठून गेला म्हणून त्यांच्या कपाळावरून काळा दोरा लोंबत होता. भाई खांबाला टेकून उभे होते, त्यांचाही दोरा तसाच. दोघांचे टाके सारखेच पडले होते. आत भांड्यांचा आवाज झाला, डॉक्टर घाईघाईने काहीतरी म्हणाला, हरिश्चंद्र "हो साहेब, हो साहेब" म्हणाला. मग आवाज थांबले. शेवंती मनात म्हणत होती, ह्या खेपेक जग रे, मग तुझा निशाण मी स्वता धुवन देतंय, तुका व्हयो तितको नाच.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आला. पोट उघडायची पाळीच आली नव्हती. सुया उकळून होईपर्यंत, रक्त जुळतंय का ते बघेपर्यंत, सगळं आटोपलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरूनच शेवंतीला कळलं. डॉक्टर लोक जे बोलतात तेच तो बोलून गेला.

"बाई, थोडं आधी आणायला हवं होतं."

"आदी?" शेवंती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. बाजारात ज्यांनी तिला ऐकलं होतं त्यांना तो तिचा आवाज वाटलाच नाही. "आदीच हाडललो, डाक्टर. हंयच, ह्या बाकार बसललो. तुमी आत टाके घालत होतात."

दाजी हात जोडत बाकावरून उठले. गावचे मोठे, अशा वेळी सांत्वनाचा पहिला शब्द त्यांचाच असायचा.

"शेवंती, देवाची इच्छा होती ती. तेच्या म्होरे कोणाचा काय चलता?"

शेवंती वळली. दाजींच्या कपाळावरच्या लोंबत्या दोऱ्याकडे तिने एकवार बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांत.

"देवाक मधी हाडू नकात, दाजीनु. देव दारात उबो नाय होतो. तुमी होतात."